गुलाबी नदी

माझी मावशी पडदे शिवते. गिऱ्हाईक निळा मागायला येतं आणि बरेचदा गुलाबी घेऊन जातं, कारण मापं घेता घेता ती तिच्या लाडक्या सिनेमाचं वर्णन सुरू करते. गुलाबी संध्याकाळ, गुलाबी नदी, त्यात नायिकेचा तांबूस चेहरा. "असं रंगवायला डोकं लागतं," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय.

तो सिनेमा नव्याने दुरुस्त होऊन परत लागला, तेव्हा मी तिला घेऊन गेले. पहिल्याच दृश्यात नदी आली. हिरवीगार.

मावशी माझ्या कानाशी लागली. "अगं, आपण दुसऱ्याच सिनेमाला शिरलो."

"नाव तेच आलं की."

"मग नंतर कुणीतरी परत काढलेला दिसतोय."

पण नायिका तीच होती. मध्यंतर होताच मावशी तडक सिनेमाचं मशीन चालवणाऱ्या गृहस्थांकडे गेली. ते वयस्कर होते, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही जुनी कॉपी पाहिली असणार," ते म्हणाले. "फिल्म जुनी झाली की निळा, हिरवा उडून जातो. लाल तेवढा उरतो. मुळात सिनेमा असाच होता."

"म्हणजे ते गुलाबी कुणी केलंच नव्हतं?"

"नाही हो. विटलं होतं ते."

विटलेलं कापड मावशी दुकानात ठेवतसुद्धा नाही. तिचा चेहरा बघवेना. उरलेला सिनेमा तिने मांडीवर पर्स घट्ट धरून पाहिला.

बाहेर आल्यावर ती पायरीवरच थांबली. "इतकी वर्षं मी तारीफ कुणाची करत होते गं?"

मी विचारलं, "पण आज आवडला का?"

"तेच कळेना. त्यातली आई घर सोडून जाते ते बघ. तिचा चेहरा दाखवतच नाहीत. नुसती दोरीवरची चादर हलते आणि मागे रिकामं अंगण. किती सुंदर केलंय. ते तेव्हाही तसंच होतं. पण तेव्हा चादर गुलाबी दिसायची. मला वाटायचं, दिवस मावळल्यावर गुपचूप गेली बिचारी. आज बघते तर चादर पांढरीफटक. म्हणजे भर दुपारी गेली ती, सगळ्यांच्या देखत."

"मग?"

"मग ती बाईच वेगळी झाली ना."

त्या आठवड्यात मावशी एकटीच दोनदा जाऊन आली. दुसऱ्यांदा आली ती सरळ माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"ती दुपारी गेली हे आता पटलं मला," ती म्हणाली. "दिग्दर्शकाने बरोबरच केलंय. पण डोळे मिटले की संध्याकाळच दिसते. त्याला काय करू?"

मी तिच्यापुढे चहा ठेवला. खरं सांगायचं तर, तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकून मलाही आता ती चादर गुलाबीच आठवायला लागली होती, आणि मी तर ती फक्त पांढरीच पाहिली होती.