कोरडी पडलेली टाकी

मी एक जुनी नायट्रोजनची टाकी आहे. दुधाच्या कॅनसारखी दिसते, म्हणून सगळे मला 'कॅन'च म्हणत. मित्रांनो, माझ्या पोटात त्या पातळ नायट्रोजनची हाडं गोठवणारी थंडी असे आणि त्या थंडीत डोळ्यांना न दिसणारे इवलेसे गर्भ झोपलेले असत. मूल न होणाऱ्यांच्या दवाखान्यात मी चौदा वर्षं राबले. त्या गर्भांतून जन्मलेली कितीतरी मुलं आज शाळेत जातात. त्यांचे फोटो भिंतीवर लागले, माझा मात्र कोणी काढला नाही.

मग माझं झाकण सैल झालं. नायट्रोजन कमी झाला की घंटा वाजायची. ताई, म्हणजे आमच्या लॅबवाल्या, दुरुस्तीसाठी अर्जावर अर्ज करत होत्या. एका शनिवारी मोठे डॉक्टर वैतागले. "काय कटकट आहे!" म्हणत त्यांनी घंटेची तारच उपटली.

सोमवारी ताईंनी झाकण उघडलं, तर मी कोरडी ठणठणीत. एकवीस जणींचे गर्भ गेले होते. त्यात शिवणवाल्या बाईंचा एक होता, शेवटचा. वय एक्केचाळीस, चार प्रयत्न फसलेले.

"सर, त्यांना सांगायला हवं."

"कशाला? जगभर निम्म्याहून जास्त प्रयत्न वायाच जातात. हाही त्यातलाच. ठरल्या दिवशी गर्भाशयात सोडा."

 ताईंनी तयारी करून दिली.

पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला, दिवस गेले नव्हते. बाईंचा नवरा बाहेर गाडीतच बसून राहिला. "काही शरीरं साथ देत नाहीत," डॉक्टर मायेनं म्हणाले. बाईंनी लॅबच्या दारात येऊन ताईंचा हात धरला.

"तुम्ही खूप केलंत हो, ताई. माझ्याच अंगाला धरून ठेवता आलं नाही."

ताईंनी तोंड उघडलं. मागे डॉक्टर उभे होते. तोंड मिटलं.

आता मी मागच्या जिन्याखाली पडून आहे. सफाईवाल्या मावशी मला झाडू टेकवून ठेवतात.

मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या, एवढं सांगून मी थांबले असते. पण त्या बाई अजून स्वतःलाच बोल लावत असतील. कधी भेटल्या, तर एवढं सांगा: बाई, तुमच्या अंगात काही खोट नव्हती. तुमच्या पोटात ठेवलेला गर्भ आधीच मेलेला होता, आणि ते डॉक्टरांना आणि ताईंना ठाऊक होतं.