पाण्यावर काठी आपटून या

मित्रांनो, मी एक म्हातारा वीजमासा आहे. ब्राझीलमधल्या तापाजोस नदीकाठचे लोक मला पोराके म्हणतात आणि म्हणताना पाय आखडून घेतात. मला त्याची गंमत वाटते, खोटं कशाला बोलू?

माझा जन्म फेसात झाला. आमच्यात बाप लाळेचा फेस करून घरटं बांधतो आणि पिल्लं मोठी होईपर्यंत तिथून हलत नाही. मोठेपणी माझी नजर अधू झाली, पण विजेमुळे माझं काही अडलं नाही. बारीक वीज सोडून मी गढूळ पाण्यात वाट शोधतो, मोठी सोडून भक्ष्य पाडतो. आणि वीज फक्त माझ्यातच असते असं समजू नका. बेडूक पाय झाडतो तो विजेवर, तुमचं काळीज तालात धडधडतं तेही विजेवरच. तुमची वीज चिमूटभर असते, इतकंच. जवळ आलात की मला ती जाणवते.

पूर्वी माझा फार बोलबाला होता. असाईच्या ताडासारख्या उंच झाडांना अंग लावून मी फळं पाडतो, असं लोक सांगत. मी कधी पाडली नाहीत, पण नाही असंही कधी म्हटलं नाही. पुढे लोक मला विसरले. आठवण यायची ती माझ्या चरबीची, दुखऱ्या सांध्यांना चोळायला.

एका वर्षी नदी खूप आटली आणि माझं तळं तिच्यापासून तुटलं. कडेच्या मुळांत माझं घरटं होतं, त्यात पिल्लं होती. पळायला वाट नव्हती. अशा वेळी ओस्मारिनो आला. तो असाईच्या झाडांवर चढून फळं उतरवायचा, पण गुडघा सुजल्यामुळे ऐन हंगामात घरी बसला होता. सोबत त्याची बायको झुल्मिरा होती. दोघांच्या हातात लांब काठ्या होत्या.

"त्या पोराकेलाच झाडाला टेकवू या की," झुल्मिरा म्हणाली. "तुझ्यापेक्षा लवकर फळं पाडेल!"

"हस, हस. एकदा चरबी चोळू दे, मग बघ कसा सरसर चढतो."

इथली रीत अशी, की काठ्यांनी पाणी बडवत राहायचं. पोराके चिडून वीज सोडतो. सोडायचा थांबला की तो रिकामा झाला असं समजायचं आणि पाण्यात उतरायचं. त्यांनी बडवायला सुरुवात केली. मी वीज सोडली. त्यांनी पुन्हा बडवलं, मी पुन्हा सोडली. ताकद ओसरू लागली तसा मी घाबरलो. सगळी इथेच उधळली, तर पिल्लांसाठी काय उरणार? मी घरट्याभोवती वेटोळं घातलं आणि गप्प राहिलो.

"संपली!" ओस्मारिनो म्हणाला.

"थांब जरा. अजून बडवू."

"हात भरून आले माझे. संपली म्हणतो ना!"

तो काठी टेकत उतरला. त्याचा पाय नेमका घरट्यावर पडला आणि फेस फाटला. मी राखून ठेवलेली वीज सोडली.

तो ओरडलासुद्धा नाही. गुडघाभर पाण्यात पालथा पडला. त्याच्या छातीतली चिमूटभर वीज मला जाणवत होती. तिचा ताल चुकला होता, मध्येच ती अडखळत होती. त्याचं तोंड पाण्यात होतं आणि हातपाय हलत नव्हते.

"अरे, ऊठ! ओस्मारिनो!" झुल्मिरा ओरडली आणि तशीच पाण्यात धावली.

तिची पोटरी माझ्या अंगाला घासली. मित्रांनो, काही घासलं की वीज सोडायची, हा आमचा पिंडच आहे. त्यातून पिल्लं माझ्या पोटाशी होती. तिचं काळीज इतकं धडधडत होतं, की मला दुसरं काही जाणवेना. आता वीज सोडली असती तर दोघंही तिथेच बुडाली असती. मी सगळं अंग आवळून धरलं. आयुष्यात इतके कष्ट मला कशाचेच पडले नाहीत.

तिने त्याला ओढत चिखलात काढलं आणि पाठीवर थापट्या मारल्या. तो खोकला, ओकला आणि लहान पोरासारखा रडू लागला.

"बरं झालं, तोवर तो रिकामा झाला," तो कसाबसा म्हणाला. "नाहीतर तूही गेली असतीस."

तेवढ्यात त्याची तरंगणारी काठी घरट्याला लागली आणि मी आवरून धरलेलं सगळं सुटलं. तळ्यातले बारके मासे पोटं वर करून तरंगले.

"रिकामा? मग हे काय?" झुल्मिरा म्हणाली. तिने फाटलेल्या फेसाकडे पाहिलं. त्यात पिल्लं वळवळत होती. "अरे, बाप आहे तो. मला सोडलं त्याने."

काठाला लागलेले मासे मात्र तिने टोपलीत भरले. कसाव्याच्या कंदाच्या पिठाबरोबर ते छान लागतात म्हणे.

पुढे पाणी चढलं आणि पिल्लं निघून गेली. ओस्मारिनोचा गुडघा तसाच राहिला. आता झाडावर झुल्मिरा चढते आणि तो खाली बसून घडांची फळं काढतो, तिची बोलणी खातो. तळं ओलांडण्याआधी ती काठावर थांबते आणि पाण्यावर हलकेच काठी आपटते. "येते रे बाबा," म्हणते. मी बाजूला होतो.

तुम्हीही कुठल्या पाण्यात पाय घालाल तेव्हा आधी काठी आपटा. आत कुणाचं तरी घर असतं.

आणि एक विनंती आहे. माझ्यात आता बेडूक पाडण्याइतकीही वीज उरलेली नाही. झुल्मिराला तेवढं कळू देऊ नका.