फोटोखालचं नाव

गुंडेराव गेल्याला सात दिवस झाले होते, आणि त्यांचे धाकटे भाऊ प्रेमानंद बसस्थानकासमोर उभे राहून स्वतःच्याच फोटोला घातलेला हार बघत होते.

बारा फुटांचा फ्लेक्स होता. वरच्या बाजूला कन्नडमध्ये आणि खाली मराठीत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याखाली मोठ्या अक्षरात गुंडेरावांचं नाव, मग 'मधमाशीपालक, माजी नगरसदस्य, बसवकल्याणचे लाडके अण्णा', वय शहाण्णव, आणि आजच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची वेळ, दुपारी चार. नाव बरोबर होतं, वय बरोबर होतं, वेळसुद्धा बरोबर होती. फोटो तेवढा प्रेमानंदांचा होता.

त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती. डोक्यावरच्या टोपीची जाळी मागे टाकलेली, उजवा हात कोपरापर्यंत मधमाश्यांनी भरलेला, आणि तोंडभर हसू. काळ्यापांढऱ्या फोटोत कुणीतरी रंग भरले होते, शर्ट निळा केला होता. तो शर्ट खरा तर बदामी होता, आणि प्रेमानंदांनी तो स्वतःच्या हातानं शिवला होता. दोघा भावांचं नाक एक, मिशी एक, कपाळ एक. तिशीतल्या प्रेमानंदांना आणि त्या वेळच्या गुंडेरावांना वेगवेगळं ओळखणारं माणूस आता गावात उरलं होतं कुठं? एक ते स्वतः आणि दुसऱ्या चांगुणाबाई वहिनी. वहिनींची नजर तर पार अधू झालेली.

शेजारचा चहावाला हात पुसत आला. फ्लेक्ससमोर क्षणभर मान खाली घालून उभा राहिला आणि मग प्रेमानंदांकडं वळून म्हणाला, "क्या हँसी थी अण्णा की, चाचा! फोटो में बी दिल खुश हो जाता."

ते हसू ज्याचं होतं तो माणूस समोर उभा होता. प्रेमानंदांनी सांगायला तोंड उघडलं, तोवर चहावाला दूध उतू जातंय म्हणून पळालाही होता.

त्यांनी घरी जायला हवं होतं, पण ते गेले नाहीत. समोरच्या ओट्यावर बसले आणि तासभर बघत राहिले. शाळेच्या पोरी थांबून नमस्कार करून गेल्या. उमरग्याच्या गाडीला निघालेली एक बाई पिशवी खाली ठेवून डोळे पुसायला लागली. प्रत्येक नमस्कार आपल्या तोंडाला होतोय आणि जातोय मात्र अण्णांच्या खात्यात, हे बघून प्रेमानंदांच्या अंगाचा तिळपापड झाला. माणूस भावावर जळतो, शेजाऱ्यावर जळतो. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी स्वतःच्या फोटोवर जळायची पाळी त्यांच्याखेरीज क्वचितच कुणावर आली असेल.

आणि जळायची त्यांना चांगली सवय होती. अण्णांनी गावाला पाण्याची टाकी आणली. अण्णांनी वाचनालय काढलं. अण्णा तीनदा निवडून आले आणि चौथ्यांदा आपण होऊन उभे राहिले नाहीत, त्याचंही गावाला कौतुक. चाळीस पेट्या सातेरी मधमाश्या सांभाळल्या. करडई फुलली की पेट्या निर्ण्याच्या शिवारात नेऊन ठेवायचे आणि परत आले की गल्लीतल्या प्रत्येक नव्या सुनेला मधाची एक बाटली. पोरांचा अभ्यास घेतला, नातवंडांचा घेतला, बायकोवर कधी आवाज चढवला नाही. शहाण्णव वर्षांचे होऊन गेले ते स्वतःच्या दातांसकट. प्रेमानंदांचे दात साठीतच गेले होते. माणसानं इतकं चांगलं असू नये, निदान सख्ख्या भावानं तरी असू नये, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

ते जिथं जातील तिथं अण्णा आधीच पोचलेले असायचे. 'गुंडेरावांचे भाऊ का तुम्ही?' सासऱ्यानं मुलगी दिली तीसुद्धा गुंडेरावांच्या भावाला. पुढे शिलाईचं दुकान मोडलं आणि बीदरजवळ कोळारच्या एका कारखान्यात गोदाम सांभाळायची नोकरी धरली, तर पहिल्याच दिवशी फाटकावरचा माणूस म्हणाला, "बसवकल्याणचे? गुंडेराव अण्णांना वळकता का?" त्या दिवशी प्रेमानंदांनी नाही म्हणून सांगितलं होतं.

सगळं आयुष्य असंच गेलं. अपवाद एकाच दिवसाचा, आणि फोटो नेमका त्या दिवसाचा होता.

अण्णा तेव्हा टाकीच्या मंजुरीसाठी गावातल्या चार लोकांबरोबर आठ दिवस बंगळूरला गेले होते. मागे एका पेटीतल्या निम्म्या माश्या राणीला घेऊन बाहेर पडल्या आणि तहसील कचेरीसमोरच्या कडुनिंबाला लोंबल्या. कचेरी बंद, रस्ता बंद, लोक घोंगड्या पांघरून लांब उभे. प्रेमानंद तेव्हा शिलाईच्या दुकानात काजं करत होते. उठले, अण्णांची टोपी घातली, झाडावर चढले. काय करायचं ते कुणी शिकवलेलं नव्हतं, पण हाताला कसं कोण जाणे, कळत गेलं. गुंजणाऱ्या त्या ढिगात त्यांनी हळूच हात घातला, ओंजळीओंजळीनं माश्या वेताच्या टोपलीत उतरवल्या आणि राणीला अलगद पेटीत सोडलं. मागोमाग सगळ्या आत. एकही चावली नाही. मधमाशीपालन खात्याचा कुणी साहेब कामानिमित्त आलेला होता, त्यानं फोटो काढला. लोकांनी प्रेमानंदांना खांद्यावर घेतलं. उरलेले दिवस त्यांनीच पेट्या बघितल्या, आणि आपल्याला ह्या जगात कशासाठी पाठवलंय ते कळलं असं त्यांना वाटलं.

अण्णा आले. सगळं ऐकून घेतलं. "बरं केलंस," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमानंद परसात गेले तर अण्णा पेट्यांसमोर आडवे उभे. "तू शिलाई बघ. ह्ये तुझं काम न्हाई."

त्यानंतर त्यांना पेट्यांजवळ कधीच बोलावणं आलं नाही. हे शब्द प्रेमानंदांनी जवळजवळ साठ वर्षं जपून ठेवले होते. दर दिवाळीला अण्णांकडून मधाची बाटली यायची. ती त्यांनी एकदाही उघडली नाही, सरळ मोलकरणीला देऊन टाकायचे.

ओट्यावरून उठताना त्यांचं ठरलं होतं. आज सभेत भावाला दोन मिनिटं बोलायला मिळणार होती. तिथंच सांगायचं. एक दिवस आपल्या वाट्याचा होता, तेवढा तरी आपल्या नावावर परत घ्यायचा.

तरी आधी ते अण्णांच्या घरी गेले. गुंडेरावांची नात शिवकन्या दारातच खुर्च्या मोजून घेत होती. फ्लेक्सचं काम तिनंच केलं होतं.

"फोटो कुणी दिला गं तुला?"

"आजीनं दिला, आबा. आजोबांच्या कपाटात व्हता, धोतराच्या घडीत ठिवलेला. मस्त हाय ना? पुण्याहून बाबा आले, त्येबी म्हणले, अण्णा किती तरणे दिसायलेत."

"आजी कुठाय?"

"आत बाया बसल्यात. आता नका जाऊ. सभेलाच येईल ती."

म्हणजे म्हातारीची चूक. कपाटात हात घातला, हाताला लागला तो फोटो दिला. प्रेमानंदांना वहिनींचा राग आला नाही, पण घराण्यातल्या चुकासुद्धा अण्णांच्याच फायद्याच्या व्हाव्यात, हे मात्र फार झालं असं वाटलं.

समाजमंदिरासमोर मांडव घातला होता, आणि स्टेजवर तसाच एक फ्लेक्स. चारला भंतेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, आणि मग एकेक जण बोलायला उठला. लिंगायत व्यापारी बोलले, मुसलमान मास्तर बोलले. एका बाईनं सांगितलं की तिच्या पोरीला शाळेतून काढत होते तेव्हा अण्णा स्वतः जाऊन बसले होते. प्रेमानंद ऐकत होते आणि जळत होते. सूत्रसंचालन करणारे अंबाजी, नगरसभेत अण्णांबरोबर बसलेले, फ्लेक्सकडं हात करून म्हणाले, "ह्या फोटोकडं बघा. हाताला हजार माश्या, आन् तोंडावर हसू! अण्णांना उभ्या जन्मात एक माशी चावली न्हाई. असं मन व्हतं त्यांचं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग अंबाजींनी भावाचं नाव घेतलं.

प्रेमानंद माईकसमोर उभे राहिले. आवाज खणखणीत निघाला.

"ह्यो फोटो अण्णांचा न्हाई. माझा हाय. कचेरीपुढच्या लिंबावरच्या माश्या मी उतरवल्या. अण्णा त्या दिशी गावात नव्हते. ह्यो मी हाय."

प्रेमानंदांनी वाट बघितली. आता कुणीतरी फ्लेक्सकडं बघेल, मग आपल्याकडं बघेल, आणि ओळखेल. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं पदर डोळ्याला लावला. "आगं आई गं," ती शेजारणीला म्हणाली, "भाऊ गेल्याचं डोक्यात गेलं की म्हाताऱ्याच्या." अंबाजींनी पुढे होऊन त्यांच्या खांद्याभोवती हात टाकला आणि माईक हळूच आपल्याकडं ओढून घेतला. "काकांची मनःस्थिती आपण समजू शकता," ते म्हणाले. "चला काका. पाणी घ्या." दोघा जणांनी त्यांना दंडाला धरून खाली आणलं आणि चांगुणाबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

लाजेनं त्यांचे कान तापले. जन्मात पहिल्यांदा गावानं त्यांचं बोलणं कान देऊन ऐकलं होतं, आणि ऐकून त्यांना वेड्यात काढलं होतं.

"भावजी," वहिनी समोर बघतच हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचाच हाय त्यो."

प्रेमानंद वळले. "तुमाला ठाव हाय? मग चुकून दिलात का वैनी?"

"डोळे गेलेत माझे, अक्कल न्हाई गेली."

"मग कामून दिलात?"

"त्यांनीच सांगून ठिवलं व्हतं. दोन वर्सं झाली. म्हणले, मी गेल्यावर ह्योच फोटो लाव. एक दिस तरी गावानं त्याच्याकडं बघावं."

"अण्णा म्हणले असं?"

"व्हय." वहिनींनी पदर सारखा केला. "बंगळूरहून आले त्या दिशी जेवले न्हाईत. मला म्हणले, मी रोज डंख खातो तवा माझ्या हातून कसंबसं हुतंय. आन् त्याला कुणी न शिकवता माश्या हातावर घेतल्या. त्याला पेट्यांजवळ येऊ दिलं तर उद्या मला कोण इचारंल?"

"डंख? अण्णांना चावायच्या?"

"रोज! नगरसभेत लांब बाह्या घालून कामून जायचे मग? काटे मी काढायची, चुना मी लावायची. ह्यो अंबाजी काय बी सांगायलाय." वहिनी त्यांच्याकडं झुकल्या. "लय हेवा वाटायचा त्यांना तुमचा, भावजी. मरूस्तोवर गेला न्हाई. तुमी कोळारला गेलात तवा त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आन् मग दोन दिस रडले."

शिलाईचं मोडलेलं दुकान, कोळारचं गोदाम, पत्र्याखाली काढलेले उन्हाळे, सगळं ओळीनं डोळ्यांसमोरून गेलं. म्हणजे 'तुझं काम न्हाई' असं जे सांगितलं ते खोटं होतं. ते त्यांचंच काम होतं आणि अण्णांना ते पक्कं ठाऊक होतं. संताप असा आला की खुर्चीचा हात त्यांनी गच्च धरला. आणि त्या संतापाच्या खालून, शरम वाटावी असा आनंद वर आला. कुणीतरी आपल्यावर जळत होतं, आयुष्यभर जळत होतं, आणि तो माणूस दुसरा कुणी नाही, अण्णा होता.

माईकवर आणखी कुणीतरी टाकीचं सांगत होतं. प्रेमानंदांनी मान वर करून स्टेजवरच्या फ्लेक्सकडं बघितलं, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पण वैनी, फोटो माझा लावायचा व्हता तर खाली नाव त्यांचं कामून?"

"मी बी तेच इचारलं त्यांना," चांगुणाबाई म्हणाल्या. "म्हणलं, फोटो भावजींचा, मग नाव कुणाचं घालू?"

"मग?"

"त्यांनी फोटो परत धोतराच्या घडीत ठिवला. मग म्हणले, नाव माझंच ऱ्हाऊ दे."

प्रेमानंदांच्या तोंडून हसू फुटलं. दाबलं तरी दाबेना, बोळक्या तोंडातून खो खो बाहेर पडायला लागलं, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. अंबाजी माईक सोडून धावले, कुणी पाण्याचा तांब्या आणला, कुणी पाठीवरून हात फिरवला. सगळे त्यांना शांत व्हा म्हणून सांगत होते. त्यांना शांत व्हायचंच नव्हतं. त्यांना आत्ताच्या आत्ता अण्णांशी कडाकडा भांडायचं होतं, आणि भांडायला अण्णा नव्हते.