दहा वेळा दान झालेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी चाकाची खुर्ची आहे. आपली ओळख नाही असे समजू नका. तुम्ही मला पाहिलेले आहे. मोबाइलच्या पडद्यावर बोट सरकवता सरकवता तुम्ही क्षणभर थांबलात, माझ्या छायाचित्राखाली जोडलेले हात टाकलेत, कोणी लाल बदाम टाकलात, कोणी पैसेही पाठवलेत. त्या छायाचित्रांत माझ्यावर दहा निरनिराळी माणसे बसलेली आहेत. तुम्हाला वाटले असेल, दहा खुर्च्या वाटल्या गेल्या. नाही. खुर्ची एकच. ती मी.

आज मी रागाने बोलणार आहे. निर्जीव वस्तूने राग धरू नये असे ज्यांचे मत असेल, त्यांनी खुशाल पुढचे पान उलटावे.

माझा जन्म नळ्या वाकवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात झाला. तेथील वयोवृद्ध मिस्त्रींनी माझा प्रत्येक सांधा कानशीने घासून गुळगुळीत केला. रंग वाळल्यावर ते स्वतः माझ्यावर बसले आणि त्यांनी अंगणात दोन फेऱ्या मारल्या. बाकीचे कामगार हसू लागले. तेव्हा ते म्हणाले, "हसा लेको. बसणाऱ्याला टोचलं ना, तर शिवी मालकाला नाही, आपल्याला बसते!" अशा माणसाच्या हातून मी घडले, याचा मला अभिमान आहे.

तदनंतर मी एका घरात गेले. तेथे अंथरुणाला खिळलेले वडील होते आणि त्यांचा मुलगा होता, ज्याला सगळे 'दादा' म्हणत. दादा झेरॉक्सच्या दुकानात काम करी आणि फावल्या वेळात इंटरनेटवर स्वतःचा ब्लॉग लिही. त्याने त्यात लिहिले होते : 'बाबांना अंथरुणातून खिडकीपर्यंत न्यायचे आहे. त्यांना रस्ता बघायचा आहे. खुर्ची परवडत नाही.' बस्स, इतकेच. अनोळखी माणसांनी ते वाचले, थोडे थोडे पैसे पाठवले, आणि चौथ्या दिवशी मी घरात आले. बाबा माझ्यावर बसून खिडकीशी गेले आणि म्हणाले, "अरे, समोरच्यांनी घराला रंग दिला की! मला कोणी सांगितलंच नाही."

सात महिन्यांनी बाबा वारले. दादा माझ्या पाठीवर डोके टेकून रडला. ते अश्रू खोटे नव्हते, हे मी आजही शपथेवर सांगेन. म्हणूनच माझा राग अधिक आहे. जन्मजात लबाड माणसाचा मला इतका राग आला नसता.

दादाने मला शेजारच्या एका मावशींना दिले, तेही मनापासून. देताना सहज एक छायाचित्र काढले आणि फेसबुकवर टाकले. वर्षभर लिहिलेल्या मजकुराला जितकी दाद मिळाली नव्हती, तितकी त्या एका छायाचित्राला एका दिवसात मिळाली. दादाचे डोळे चमकले. तो ब्लॉग लिहिणे विसरला आणि त्याने मदतकार्याचे पान उघडले. तेथून सगळे फिरले.

कारण मित्रांनो, खुर्ची वापरात असली की तिचे छायाचित्र कोणी पाहत नाही. खुर्ची *देतानाचे* छायाचित्र लोक पाहतात. मग देणे वारंवार घडले पाहिजे. तेव्हा मला मावशींकडून 'सर्व्हिसिंगला' म्हणून आणण्यात आले. माझी चाके रॉकेलने पुसली, हातांवर पॉलिश फिरवले, मला प्लास्टिकमध्ये गुंडाळून लाल फीत बांधली, आणि दुसऱ्या माणसाला माझे दान झाले. महिन्याभराने तिसऱ्याला. मग चौथ्याला. दादाचा एक दाढीवाला मित्र चित्रीकरण करी. प्लास्टिक फाडण्याचा आवाज चांगला येतो म्हणून तो फोन अगदी जवळ आणी.

एका आजीने माझे चाक दोन्ही हातांनी धरून ठेवले होते. "दोन दिवसांत आणून देतो आजी," असे म्हणत त्यांनी तिची बोटे एकेक करून सोडवली. त्या प्रसंगाचे छायाचित्र कोणी काढले नाही.

कोणी विचारलेच तर दादा दुखावल्यासारखा म्हणे, "मी काय स्वतःच्या खिशात घालतोय का? पानाची पोहोच वाढू दे. मग एकदम पन्नास खुर्च्या घेऊ. एकदम घेतल्या की स्वस्त पडतात." आलेल्या पैशांतून दिवे आले, एक भाड्याची खोली आली, तिच्यावर पाटी आली. पन्नास खुर्च्या मी कधी पाहिल्या नाहीत. पन्नास टी-शर्ट मात्र पाहिले.

नववी पाळी ताईची होती.

ताई शिवणकाम करी. लहानपणीच्या तापात तिचे दोन्ही पाय गेले होते. मशीन ती हाताने फिरवी. जीभ मात्र तिच्या कात्रीपेक्षा धारदार. माझे दान चालले असता दाढीवाला तिला म्हणाला, "ताई, जरा उदास बघा ना."

"का? खुर्ची मिळालीय ना मला?"

"तसं नाही, लोक उदास चेहऱ्याला जास्त देतात."

"मग खुर्ची आणायच्या आधी यायचं. तेव्हा फुकट उदास होते मी."

तिचा थोरला भाऊ खो खो हसला. छायाचित्रात ताई हसतेच आहे. तरीही पानावर त्याखाली मजकूर आला : 'हिचे अश्रू पुसायला तुम्ही याल ना?'

ताईला मी कशासाठी हवी होते, ते नीट ऐका. घरापासून सहाशे पावलांवर एक मोठे रुग्णालय होते. तेथे फाटक्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले दुरुस्त करण्याचा एक शिलाई विभाग होता. ताईला तेथे पक्की नोकरी मिळण्याची संधी होती. अट एकच. मुकादमबाईंनी सांगितले होते, "पहिला महिना एकही खाडा नको. आणि हे बघ, तुला आणायला-न्यायला माणूस नाही मिळायचा. तुझं तू यायचं." भाऊ पहाटेच कामावर जाई. म्हणजे माझ्यावाचून ती नोकरी नाही.

मी तिला रोज नेले. चढ लागला की ती मला म्हणे, "चल बाई, मी ढकलते, तू फिर." तेवीस दिवस एकही खाडा झाला नाही. तिने माझ्या उसवलेल्या बैठकीला चादरीच्या कापडाचे ठिगळ लावले, आणि उजव्या अंगाला, हात सोडला की बरोबर पोचेल असा, एक खोल खिसा शिवला. त्यात टाचण्यांची गादी, मापाची फीत, शिवताना बोटात घालायची अंगठी आणि तिचे हजेरीचे कार्ड राही. घरी आल्यावरही ती ते काढून ठेवत नसे. सकाळी शोधाशोध नको, उशीर नको, म्हणून. माझ्या आयुष्यात मला कोणी प्रथमच आपले दुकान समजत होते.

चोविसाव्या दिवशी सकाळी दादा आला. ताई आत केस विंचरत होती.

"ताई, चाकाला आवाज येतोय म्हणे. दोन दिवसांत सर्व्हिसिंग करून आणतो."

"आवाज नाही येत. आणि आज नका नेऊ हो, माझा महिना भरायचाय."

"अहो, उद्या संध्याकाळी परत! माझ्यावर भरवसा नाही का?"

भाऊ कामावर गेलेला. ताई जमिनीवर बसलेली. जिला उभे राहता येत नाही, तिच्यासमोरून खुर्ची ढकलत नेणे फार सोपे असते, मित्रांनो. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या चाकांची लाज वाटली. ती एवढी गुळगुळीत का फिरतात, असे मला झाले.

चार दिवस मी त्या भाड्याच्या खोलीत होते. कामाची घाई होती, कारण या वेळी दान 'लाइव्ह' होणार होते. म्हणून मला नीट पुसायलाही कोणाला सवड झाली नाही. ठिगळावर नवे कव्हर चढवले, वर प्लास्टिक गुंडाळले, फीत बांधली. खिसा कोणी उघडून पाहिला नाही. खुर्चीला खिसा असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. ज्यांनी मला नऊ वेळा दिले, त्यांना कोणी माझा उपयोग करीत असेल हे ठाऊकच नव्हते!

दहावे माणूस म्हणजे एक निवृत्त बस कंडक्टर. साखरेच्या आजाराने त्यांचा एक पाय गुडघ्यापासून काढला होता. सोबत त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, होत्या. सभागृहात सकाळची वेळ, दिवे लागलेले, दाढीवाल्याच्या फोनवर तीन हजार लोक बघत असलेले. दादा म्हणाला, "ही आपली दहावी कोरी खुर्ची!" प्लास्टिक फाडले. टाळ्या झाल्या. कंडक्टर काकांना माझ्यावर बसवले. त्यांनी उजवा हात ऐसपैस सोडला.

"आई आई आई! अहो, सुया लावल्यात का काय हिला?"

लोक हसले. काकांनी बोट चोखत खिशात पाहिले. टाचण्यांची गादी काढली. फीत काढली. मग कार्ड काढले, डोळ्यांपासून लांब धरले आणि सवयीच्या मोठ्या आवाजात वाचले, "शिलाई विभाग. फोटो बाईंचा आहे. तेवीस शिक्के सलग. पुढे कोरं. या बाई कोण?"

"काका, ते राहू द्या. कॅमेऱ्याकडे बघा," दादा म्हणाला.

"का राहू द्या? एकतीस वर्षं लोकांचे पास तपासलेत मी. फोटो एकाचा आणि सीटवर दुसरा, असं दिसलं की मी घंटी मारून गाडी थांबवायचो."

"अहो, शांत व्हा, प्रेशर वाढेल," काकू म्हणाल्या.

"वाढू दे. ही खुर्ची कोरी नाही. ही त्या बाईच्या बुडाखालून काढून आणलीय." काकांनी दोन्ही हातांनी माझी चाके धरली. "मी हिच्यातून उतरणार तर त्या बाईच्या दारात. चला, ढकला. आणि ए दाढी, फोन बंद केलास तर इथूनच बोंब मारत निघेन."

दाढीवाल्याने फोन बंद केला नाही. भीतीने नव्हे. बघणारे तीन हजारांवरून नऊ हजार झाले होते.

अशी आमची वरात दोन गल्ल्या ओलांडून निघाली. पुढे काका, मागे मला ढकलणारा दादा, शेजारी काकूंचा तोंडाचा पट्टा. "लाज नाही वाटत? माझ्या नवऱ्याला चोरीच्या मालावर बसवता?"

ताई उंबऱ्यात जमिनीवर बसून एक पडदा शिवत होती. तिने मान वर केली.

"आणलीत? दोन दिवसांचे चार झाले."

काकांना उचलून स्टुलावर बसवले. ते ओशाळून म्हणाले, "घ्या बाई. जरा गरम लागेल, मी बसलो होतो."

ताईने कार्ड हातात घेतले. ते उलटसुलट केले. "आता कशाला? चार खाडे झाले. काल निरोप आला. दुसरी बाई ठेवली त्यांनी."

दादा पुढे झाला. "ताई, मी बोलतो त्यांच्याशी. आपल्या पानाचं नाव सांगितलं की…"

"नाव नका सांगू. लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"खुर्ची माझी आहे म्हणून. तारीख घालून, सही करून. आणि या काकांना नवी कधी देणार, तेही लिहा. कोरी म्हणजे कोरी." मग ती दाढीवाल्याकडे वळली. "आता याचा फोटो काढा ना. का, मी पुरेशी उदास नाही अजून?"

दादाने ताईच्या मापांच्या वहीतल्या कागदावर लिहून दिले. मला त्याची दया आली नाही. त्याच्या बाबांना ती आली असती का, हेही मला सांगता येत नाही.

त्याच दुपारी ताई मला घेऊन रुग्णालयात गेली. मुकादमबाई चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तीन दिवस तुझा गठ्ठा तुझ्या टेबलावर ठेवला गं मी. म्हटलं, येईल, येईल. मग वरून विचारणा झाली. माझ्या हातात काय आहे?" नव्या बाईचे डोके यंत्रावर वाकलेले होते. तिचाही काही दोष नव्हता. ताईने तिला नमस्कार केला आणि आम्ही परत फिरलो.

आणि दादा? दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःचे छायाचित्र टाकले. डोळे लाल, केस विस्कटलेले. खाली लिहिले : 'मी चुकलो. मला माफ करा. हे कार्य थांबू देऊ नका.' आजवरच्या सगळ्या छायाचित्रांपेक्षा त्याला जास्त बदाम मिळाले, आणि देणग्याही. तुमच्यापैकी कोणी पाठवल्या असतील, तर आज जरा आरशात बघा. कंडक्टर काकांना खुर्ची मिळाली, ती त्या पश्चात्तापाने नव्हे. काकू अकरा दिवस रोज दादाच्या खोलीसमोर पायरीवर भाजी निवडत बसल्या, म्हणून मिळाली.

ताई आता घरीच शिवणकाम करते. दर सोमवारी ती माझ्यावर बसून सहाशे पावले जाते आणि मुकादमबाईंना विचारते, जागा आहे का. अजून नाही.

मित्रांनो, मदत करू नका असे मी मुळीच म्हणत नाही. मीच मुळात परक्यांच्या देणगीतून आले. परंतु छायाचित्र पाहून पैसे पाठवले की आपले कर्तव्य संपले, असे समजू नका. महिन्याने त्याच पानावर जा आणि विचारा : ती खुर्ची कोठे आहे? आज तिच्यावर कोण बसले आहे? उत्तरादाखल नवे छायाचित्र आले, तर पुन्हा विचारा. लोक तुम्हाला संशयी म्हणतील, म्हणू द्या. ज्या बाईची नोकरी गेली, ती दर सोमवारी त्याच दारात जाऊन विचारते आणि मान ताठ ठेवून परत येते. तिला विचारण्याची लाज वाटत नाही, मग तुम्हाला का वाटावी?