लाल टोक

"मुंगी शाईत बुडवून सोडली असणार कागदावर... कोण वाचणार हे!"

नवरा पुटपुटत होता, तिच्याशी नव्हे, हातातल्या, नव्या यंत्राच्या माहितीपत्रकाशी, आणि तिने रोजच्यासारखं "काय झालं?" असं विचारलं नाही, कारण तिच्या तळहातावरच्या होकायंत्राचं लाल टोक स्वयंपाकघराकडे बघत होतं.

स्वयंपाकघराकडे? ती शिलाई मशीनवरून उठली, खोलीच्या मधोमध उभी राहिली, तळहात सपाट धरला, श्वासही बेताने घेतला — सुई थरथरली, डुलली, आणि दूध उतू जातंय की काय बघायला निघालेल्या बाईसारखी लगबगीने पुन्हा त्याच दाराकडे वळली.

आता, या घरात बाकी कशाचा नेम नसला तरी उत्तर दिशेबद्दल वाद नव्हता. उत्तर खिडकीत होती. लग्नानंतर ही जागा बघायला आले तेव्हा तिने विचारलं होतं, कपडे कुठे वाळतील, ओट्यापाशी उजेड येईल का. आणि हा मात्र खिडकीत हात पालथा धरून उभा, सावली न्याहाळत. "उत्तरेचा उजेड आहे," म्हणाला होता, "दिवसभर सारखा राहतो." घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला घरात एवढं असलं की बस. त्याचं टेबल त्या खिडकीखाली बसलं ते बसलंच, आणि तिचं मशीन गेलं मागच्या भिंतीशी, दिव्याखाली — लोकांच्या पँटी आखूड करायला, चेनी बदलायला, लग्नातला कोट वाढलेल्या पोटावर पुन्हा मिटेल इतका सैल करायला दिव्याचा उजेड चालतो.

म्हणजे सुई उलटली होती. लाल टोक दक्षिण दाखवत होतं, आणि ते कसं झालं हे कळायला तिला फार लांब जावं लागलं नाही. मशीनच्या फळीवर बिस्किटांचा जुना डबा होता. त्यात रिळं, खडू, गुंड्या, आणि सांडलेल्या टाचण्या वेचायचं नालेच्या आकाराचं लोहचुंबक. होकायंत्र आणलं त्या दिवसापासून तिने ते — मौल्यवान वस्तू, हरवायला नको म्हणून! — त्याच डब्यात, त्या लोहचुंबकाला अगदी खेटून ठेवलं होतं. "तुझं ते चुंबक माझ्या टेबलापासून लांब ठेव हं, घड्याळं वेडी होतात," हे वाक्य ती या घरात इतकी वर्षं ऐकत आली होती, की ते तिला ऐकूच येईनासं झालं होतं.

तिने मूठ मिटली. उद्या सकाळी निघायचं होतं.

एकटीने. पाठीवर सॅक, सॅकमध्ये तंबू, चार दिवस डोंगरात. 'जाऊ नकोस' असं कुणीही म्हणालं नव्हतं, हे मान्य करायला हवं. सगळे हवामानाबद्दल बोलले. तिच्या गुडघ्यांबद्दल बोलले, सापांबद्दल, मोज्यांबद्दल... शेजारची बाई तर रानडुकरांबद्दल इतकं मायेने बोलली की जणू माहेरची माणसं. आणि गेल्या आठवड्यापासून बोलणं सगळं त्या यंत्राबद्दल. साबणाच्या वडीएवढं, केशरी. आकाशातल्या उपग्रहांना विचारून ते सांगणार की बाई, तू इथे आहेस. शिवाय इथे घरी, नवऱ्याच्या फोनवर, तिचं एक टिंब दिसणार.

"तू चाललीस की टिंब चालणार," त्याने पहिल्या दिवशी समजावलं होतं. "तू थांबलीस की थांबणार."

"आणि मी झाडामागे गेले की?"

"झाडामागे कशाला?"

"अहो, माणूस झाडामागे कशाला जातो?"

त्याचे कान लाल झाले होते. हसला मात्र नव्हता.

यंत्र वाईट आहे असं तिला मुळीच वाटत नव्हतं. धुक्यात, पाय मुरगळल्यावर, अशी साबणाची वडी देवासारखी उपयोगी पडत असेल. पण त्याला सगळंच ठाऊक असतं — आणि मग आपल्याला काही ठाऊक करून घ्यायचं उरत नाही. नकाशाचं तसं नसतं. वाचनालयातल्या पुस्तकावरून ती नकाशा शिकली, आणि शिकली म्हणजे काय, तिला तो येतच होता. सपाट कागदावरच्या रेघांवरून खांदा कुठे उचलणार, पाठ कुठे भरणार हे बघण्यात तिचा जन्म गेला होता. उंचीच्या रेषा एकमेकींना बिलगल्या की चढ, सैल सुटल्या की माळ. डोंगर म्हणजे तरी काय, टेकून बसलेला मोठा माणूस. माप घेताना जरा गुदगुल्या होतात त्याला, म्हणून ओढे उड्या मारतात... असलं काहीतरी तिच्या मनात यायचं आणि ती कुणाला सांगायची नाही. फक्त नकाशा तुम्हाला 'तू इथे आहेस' असं कधीच म्हणत नाही. ते आपलं आपण म्हणावं लागतं. आणि ते म्हणायची — मी इथे आहे, असं स्वतःच्या तोंडाने म्हणायची — तिला या वयात केवढी हौस आली होती!

मागच्या महिन्यात सरावाला म्हणून ती जवळच्या टेकड्यांवर दिवसभर जाऊन आली होती. आभाळ भरलेलं, सूर्याचा पत्ता नाही. कुंपणापाशी वाट फुटली तेव्हा मन म्हणत होतं डावीकडे, सुई म्हणत होती बरोबर उलट. आणि पुस्तकात ठळक अक्षरात छापलं होतं की मनावर जाऊ नका, सुईवर विश्वास ठेवा. ती आयुष्यभर शहाण्यासारखी वागत आली होती, तेव्हाही वागली. चालत राहिली, आणि ओढा यायचा तिथे पाइनची झाडं आली, झाडांनंतर नकाशात नसलेली दगडी भिंत, आणि मग...

मग ती एका खडकावर बसली. हरवले, हे कळलं. छाती धडधडली, हातातला पाव तसाच राहिला. आणि थोड्या वेळाने धडधड ओसरली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आत्ता, या क्षणी, मी कुठे आहे हे जगात कुणालाही ठाऊक नाही. मलासुद्धा. कुणाची पँट नाही, कुणाचं जेवण नाही, कुणाचं 'अगं' नाही. वारा झाडांतून जात होता आणि तो काही माझ्यासाठी जात नव्हता. किती बरं वाटलं! आणि त्या बरं वाटण्याच्या तळाशी, पाण्यात नाणं दिसावं तसं दिसलं... नाहीच गेले परत, तर?

एवढंच. नाणं उचललं नाही. पाव खाल्ला, खाली दिसणारा डांबरी रस्ता धरला, भलत्याच गावाहून भलतीच बस पकडली, आणि अंधार पडता पडता घरी येऊन म्हणाली, "बस उशिरा आली हो."

"बरं झालं," तो म्हणाला होता, घड्याळातून डोकं न काढता. "घरात जरा शांतता होती."

सूपचं भांडं तळाला करपलं होतं. पुन्हा पुन्हा गरम केलेलं. तिने ते घासताना त्याचं म्हणणं मुकाट उलटं करून घेतलं, जसं ती कायम घेत आली होती — 'मला काय, जा की' म्हणजे नको जाऊ. 'भूक नाही' म्हणजे तू वाढ. मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात गेली तेव्हा 'चला, एक खोली रिकामी झाली' म्हणाला होता, आणि महिनाभर तिच्या बंद पडलेल्या गजराच्या घड्याळाला किल्ली देत होता. माणूस उलटा दाखवतो हे एकदा कळलं की अडत नाही. दुसरं टोक वाचायचं. फक्त... सारखं वाचत राहायचं म्हणजे थकायला होतं.

आणि आत्ता, मूठ मिटून उभी असताना, तिला एकदम हसू फुटलं. म्हणजे त्या दिवशी कुंपणापाशी मन बरोबर होतं! सुई चुकली होती, मी नाही.

"काय झालं हसायला?"

"काही नाही."

फोन वाजला. मुलगी.

"आई, घेणार आहेस ना ते यंत्र? घे गं बाई. बाबांसाठी घे."

"तुझे बाबा तर म्हणतात मी माझ्यासाठी घ्यावं."

"बाबा मला रोज फोन करतायत. तुला सांगू नको म्हणालेत."

"काय म्हणतात?"

"हवामान विचारतात."

"तिथलं?"

"तिथलं, इथलं... मग गप्प बसतात. मग म्हणतात, ठेवतो." मुलगीही जरा गप्प बसली. "आई, मोजे जास्तीचे घेतलेस ना?"

घेतले होते. सगळं घेतलं होतं. सॅक दाराशी तट्ट फुगून उभी होती, जेवायला थांबायचा आग्रह होईल म्हणून घाईत असलेल्या पाहुण्यासारखी. तिने फोन ठेवला, होकायंत्र मशीनवर ठेवलं, आणि ठरवलं की सांगायचंच नाही. उलट्या सुईने काय बिघडतं? लाल म्हणजे दक्षिण एवढं ध्यानात ठेवलं की झालं; तिला तर याची सवयच होती. सांगितलं की तो म्हणणार, बघ! आणि मग त्या 'बघ'पुढे चार दिवसांचा अख्खा डोंगर सपाट व्हायचा, आणि त्याच्या फोनवर एक टिंब उरायचं.

"कात्री दे जरा. हे वेष्टण दातांनीसुद्धा निघत नाहीये."

तो मागेच येऊन उभा होता. यंत्र हातात, भिंग कपाळावर सरकवलेलं. तिने कात्री दिली. त्याने घेतली नाही; तो मशीनकडे बघत होता.

त्याने होकायंत्र उचललं. भिंग डोळ्यावर ओढलं, सुईकडे पाहिलं, मग भिंगाशिवायच्या डोळ्याने खिडकीकडे, मग पुन्हा सुईकडे. ज्या खिडकीत त्याच्या डोक्यावरचे केस पांढरे झाले ती खिडकी कुठल्या दिशेला आहे हे त्याला विचारायला नको होतं. उघड्या बिस्किटाच्या डब्यावर त्याची नजर गेली. तिने ओठ घट्ट मिटले. आता म्हणेल. बघ, म्हणेल, आणि बरोबरच असेल त्याचं...

"टाचण्यांचं चुंबक दे."

तिला वाटलं तिने चुकीचं ऐकलं. पण त्याचा हात पुढे होता. डब्यातून चुंबक काढून, त्याला लटकलेल्या टाचण्या खरवडून तिने ते दिलं. तो तिच्याच स्टुलावर बसला. चुंबकाचं एक टोक काचेवर, सुईच्या मध्यावर टेकवलं आणि लाल टोकाकडे हळूच ओढत नेलं, उचललं, पुन्हा मध्यावर. पुन्हा. लहान मुलाच्या कपाळावरून हात फिरवावा तसं. तिने त्याचे हे हात किती घड्याळांवर पाहिले होते, आणि दर वेळी तिला त्या घड्याळांचा थोडा मत्सर वाटला होता.

त्याने चुंबक दूर, पार पलंगावर नेऊन ठेवलं, आणि होकायंत्र तिच्या तळहातावर ठेवलं. सुई गोंधळली, गरगरली, अर्ध्यात थबकली — आणि खिडकीकडे गेली.

"झालं," तो म्हणाला. "आता त्या डब्यात ठेवू नकोस."

"नाही ठेवणार."

केशरी यंत्र दोघांच्या मधे पडलं होतं, अर्धं वेष्टणात. त्याचं त्याने काहीच म्हटलं नाही. तो उठेल असं तिला वाटलं. उठला नाही.

"त्या दिवशी बस उशिरा आली म्हणालीस," तो सुईकडे बघतच म्हणाला.

"हं."

"वेळेवर आली होती. मी स्टँडवर होतो. पुढचीही बघितली. मग घरी येऊन सूप ठेवलं."

मशीनवरच्या दिव्याभोवती एक चिलट फिरत होतं.

"मी हरवले होते," तिने अखेर म्हटलं. "ही सुई उलटी होती, मला तरी कुठे माहीत."

"ते आत्ता कळलं. हरवण्याचं काय नाही... हरवलं तर शोधता येतं. त्याला हे यंत्र आहे, माणसं आहेत." त्याने केशरी यंत्र बाजूला सरकवलं. "पण तू जिन्यात गुणगुणत होतीस. मला वर ऐकू आलं. मुलगी झाल्यापासून तुला गुणगुणताना ऐकलं नव्हतं मी."

तिच्या तळहातावर सुई अजून बारीक थरथरत होती.

"तू परत येशील ना?"

तिने सवयीने ते वाक्य उलटं करायला घेतलं, आणि त्या वाक्याचं दुसरं टोकच सापडेना. 'न येऊन जाणार कुठे?' हे जिभेवर तयार होतं, चाळीस वेळा धुतलेल्या कपड्यासारखं मऊ झालेलं. तिने ते गिळलं. त्याऐवजी ती आत उतरली, त्या खडकापर्यंत, त्या पाण्यापर्यंत. नाणं अजून तिथेच आहे का बघायला. घाई करायची नव्हती. खरं काय ते बघूनच सांगायचं होतं, आणि जे दिसेल त्याची तिला, काय नवल, भीती वाटत नव्हती.

तो वाट बघत बसला होता. भिंग अजून डोळ्यावरच होतं, आणि तिला कळलं की त्यातून बोटभर अंतरापलीकडचं काहीच दिसत नाही. त्या डोळ्याला ती आत्ता नुसती उजेडात उभी असलेली एक धूसर आकृती असेल. तिने हात पुढे केला आणि ते भिंग हलकेच त्याच्या कपाळावर सरकवलं.