वाटप झालेली पत्रकं

मावशींनी सुईत दोरा ओवला आणि चहाच्या टेबलावरच्या कपड्याची कड मांडीवर ओढून घेतली. त्या कडेची शिवण हातभर उसवून लोंबत होती. दर बैठकीला ती त्यांच्या डोळ्यांत खुपायची. आज समितीचे अध्यक्ष अजून आले नव्हते, खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आणि तीस वर्षं गल्लीभराचे कपडे शिवलेल्या हातांना रिकामं बसवत नव्हतं. त्यांनी चार टाके घातले. पाचव्यासाठी कपडा जरासा वर उचलला, तर खाली टेबल नव्हतंच.

खाली गठ्ठे होते. सुतळीने करकचून बांधलेले, एकावर एक रचलेले. त्यावर एक फळी, फळीवर कपडा आणि कपड्यावर चहाचा ट्रे. मावशींनी एका गठ्ठ्याच्या कोपऱ्यातून बोटाने एक कागद ओढून काढला, चष्मा लावला आणि खिडकीकडे वळून वाचायला घेतला.

‘गुन्ह्यात नुकसान सोसलेल्यांचे हक्क’ असं वर ठळक अक्षरांत होतं. खाली एकेक मुद्दा, सोप्या भाषेत, शाळेतल्या पोरालाही कळावा असा. तक्रारीची प्रत फुकट मिळते. तपास कुठवर आला हे विचारता येतं. चौथ्या मुद्द्याशी मावशी थांबल्या. ‘आरोपीने जामीन मागितला तर त्या सुनावणीची तारीख तुम्हाला कळवली गेली पाहिजे. न्यायाधीशांसमोर उभं राहून तुमचं म्हणणं मांडण्याचा तुम्हाला हक्क आहे.’

त्यांनी ते तीनदा वाचलं. मग अगदी तळाला, बारीक टायपात, छपाईचा महिना होता. मावशींनी बोटांच्या पेरांवर हिशेब केला. पुन्हा केला. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं.

त्यांचा मुलगा वेल्डर होता. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने भांडणात त्याच्या डोक्यात लोखंडी पहार घातली, भर दुपारी, चार माणसांदेखत. पोरगा जागीच गेला. गॅरेजवाल्याला धरलं, आत टाकलं, आणि मावशींना वाटलं की आता जे करायचं ते कोर्ट करील. पुढे काही महिन्यांनी एका सकाळी त्या दारात बसून शाळेच्या गणवेशांना बटणं लावत होत्या, आणि समोरून गॅरेजवाला चालत आला. नुसता आला नाही, थांबला. “काय मावशी, बरं आहे ना?” असं विचारून गेला. जामिनाची सुनावणी आदल्या दिवशीच होऊन गेली होती, मावशींना न कळवता. महिनाभरात चारपैकी दोघा साक्षीदारांना काही आठवेनासं झालं, तिसरा बायकापोरं घेऊन गाव सोडून गेला. खटला अजून चालू आहे असं म्हणतात. चालू आहे म्हणजे मेलेला नाही, इतकंच.

आणि त्या सुनावणीच्या बरोबर दीड महिना आधी, मावशी पीडितांच्या हक्कांसाठीच्या या समितीच्या बैठकीला पहिल्यांदा आल्या होत्या. याच खुर्चीत बसल्या होत्या. या गठ्ठ्यांवर कप टेकवून चहा प्यायल्या होत्या.

“अहो मावशी, ते कशाला उघडलंत?” सचिवबाई फायली छातीशी धरून दारात उभ्या होत्या. सचिवबाई वाईट नव्हत्या. त्या एकट्या तिघींचं काम करायच्या आणि त्यामुळे कुठलंच काम धड व्हायचं नाही.

“ही पत्रकं कसली?”

“मागच्या मोहिमेची. जनजागृतीची.”

“मग वाटली का नाहीत?”

“वाटली की.” सचिवबाईंनी फायली खुर्चीवर ठेवल्या. “म्हणजे, कागदोपत्री.”

मावशी नुसत्या बघत राहिल्या. सचिवबाईंना ते बघणं सोसवेना, म्हणून त्या भराभर बोलू लागल्या.

“त्याचं असं असतं मावशी, निधीचा दुसरा हप्ता यायचा तर वाटप झाल्याचा दाखला आधी पाठवावा लागतो. म्हणून आपण दाखला आधी करून घेतो आणि वाटप मागाहून. तेव्हा दाखला गेला, आणि नेमकी गाडी मिळेना. मग गाडीसाठी अर्ज करायचा म्हटलं तर अडचण आली. जी पत्रकं वाटून झाली, ती वाटायला गाडी कशी मागायची?”

“कुणी दिला दाखला?”

“समितीने.”

“समितीने म्हणजे कुणी?”

सचिवबाईंनी खालच्या फायलीतून एक कागद शोधून काढला आणि जरा नाइलाजानेच पुढे केला. खाली तीन सह्या होत्या. अध्यक्षांची ऐटबाज, सचिवबाईंची घाईतली, आणि तिसरी गोल गोल, जोर देऊन काढलेली. तिच्याखाली छापलं होतं, ‘पीडितांच्या प्रतिनिधी’.

मावशींना तो दिवस लख्ख आठवला. अध्यक्षांनी त्यांना पुष्पगुच्छ दिला होता. त्यांच्या मुलासाठी सगळे दोन मिनिटं उभे राहिले होते. मावशींचे डोळे भरून आले होते, आणि त्याच भरल्या डोळ्यांपुढे कुणीतरी कागद सरकवला होता, “फुली मारलीय ना, तिथे सही करा.” त्यांनी केली होती. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. मावशींना कळेना, ती आग नेमकी कुणावर ओतायची. सगळ्यात जवळ तर त्या स्वतःच होत्या.

अध्यक्ष आले ते कार्यक्रमवाल्याला घेऊनच. लग्नापासून दुकानाच्या उद्घाटनापर्यंत कशाचाही कार्यक्रम करून देणारा हा गृहस्थ गुळगुळीत दाढीचा आणि त्याहून गुळगुळीत बोलणारा होता. त्याने भिंतीवर चित्रं दाखवायला सुरुवात केली. सायकल फेरी. पिवळ्या टोप्या. चौकात फुग्यांची कमान, कमानीवर अध्यक्षांचा हसरा फोटो आणि खाली दोनच शब्द, ‘जागे व्हा!’

“साधं, सुटसुटीत,” कार्यक्रमवाला म्हणाला. “लोकांना जागं करायचं ना आपल्याला?”

“यात जामिनाचं कुठे आहे?” मावशींनी विचारलं.

अध्यक्षांनी मान कलती केली. सांत्वनाला गेल्यावर ते अशीच मान कलती करत.

“मावशी, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण इतका मजकूर हल्ली कुणी वाचत नाही.”

“भावना राहू द्या. कुणाला जागं करताय ते सांगा. ज्याच्या घरातलं माणूस मारलंय त्याला झोप लागते होय?”

कार्यक्रमवाल्याने चित्र पुढे सरकवलं. टोप्यांचे आणखी दोन रंग आले. सचिवबाई खाली बघून टाचणी काढत आणि लावत होत्या.

शेवटी नेहमीप्रमाणे कागद फिरला. अध्यक्षांनी सही ठोकली, सचिवबाईंनी केली, आणि कागद मावशींपुढे आला. पेन्सिलीची बारीक फुली होतीच. मावशींनी कागद उचलला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला घेतला. सवय नसल्याने त्या अडखळत वाचत होत्या, आणि त्या अडखळण्यामुळेच खोलीतल्या प्रत्येकाला प्रत्येक शब्द ऐकावा लागला. सायकल फेरी पार पडली. टोप्यांचं वाटप झालं. हजारो नागरिकांना त्यांच्या हक्कांची माहिती मिळाली.

“कधी मिळाली?” त्यांनी विचारलं.

“मिळणार आहे हो. ही पद्धत आहे,” अध्यक्ष म्हणाले.

“मग मिळाल्यावर सही करते.”

“आज दाखला गेला नाही तर निधी परत जाईल. सगळी मोहीम बुडेल. लोकांपर्यंत काहीच पोचणार नाही, आणि त्याचं खापर तुमच्यावर फुटेल. आहे तयारी?”

दोन वर्षं मावशींना वाटत आलं होतं की इथे बसून आपण पोरासाठी काहीतरी करतो आहोत. बैठकीचा दिवस त्या कॅलेंडरवर गोल करून ठेवायच्या, त्या दिवशीचं शिवण कुणाचं घ्यायच्या नाहीत. ही खुर्ची गेली तर दुसरं काय होतं त्यांच्याकडे? त्यांनी कागद उलटा करून अध्यक्षांपुढे ठेवला आणि उठल्या. ट्रे उचलून जमिनीवर ठेवला, फळी भिंतीला टेकवली, कपडा बाजूला केला. वरचे दोन गठ्ठे छातीशी धरले. ते चांगलेच जड होते.

“हे काय चाललंय?” अध्यक्षांचा आवाज चढला. “मावशी, तो समितीचा माल आहे. असा उचलून नेता येणार नाही. मला तक्रार करावी लागेल.”

“कसली तक्रार? पत्रकं नेल्याची?” मावशी वळल्या. “कुठली पत्रकं? ती तर दोन वर्षांपूर्वीच वाटून झाली. मी स्वतः सही केलीय, तुमच्या सहीखाली. आता मी ती नेली असं लिहायचं तर आधी ती इथे पडून होती असं लिहावं लागेल. लिहा. त्यावर मात्र मी लगेच सही करते, फुली मारायचीही गरज नाही.”

कार्यक्रमवाला खोकला. अध्यक्षांनी तो उलटा कागद सरळ केला. सचिवबाईंनी मात्र उठून दार उघडून धरलं, आणि मावशी बाहेर पडताना खालच्या आवाजात म्हणाल्या, “बाकीचे मी उद्या दारापाशी काढून ठेवते.”

“उद्या कशाला? आत्ताच काढा,” मावशी म्हणाल्या. त्यांना अजून कुणाशीही चांगलं बोलायचं नव्हतं.

समितीची खोली कोर्टाच्या इमारतीतच, पहिल्या मजल्यावर होती. इतकी वर्षं समितीला लोक सापडत नव्हते, आणि लोक फक्त बारा पायऱ्या खाली बसलेले होते. कोर्टाच्या दालनासमोरच्या लांब बाकावर दहाबारा जण होते. मावशींनी शिवणाच्या कात्रीने सुतळी कापली आणि एका टोकापासून कागद द्यायला सुरुवात केली. काहींनी घडी करून खिशात घातला, एकाने त्याच कागदाने वारा घेतला. शेवटी बसलेल्या बाईने मात्र ओळीखाली बोट धरून वाचलं. तिच्या मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट होतं.

“हे चौथं खरं आहे का?” तिने विचारलं.

“खरं आहे. कुणाचं आहे तुमचं?”

“लेकीचं. जावयाने दोन्ही हात मोडले तिचे. परवा त्याच्या जामिनाची तारीख आहे म्हणे. मला कुणी सांगितलं नाही, चहावाल्याकडून कळलं.” ती पाकिटाची कड चाचपत राहिली. “पण तिथे सरकारी वकील असतात ना बोलायला?”

“ते त्यांचं बोलतील. तुमचं तुम्ही बोलायचं.”

“मला नाही हो जमायचं. मोठ्या माणसापुढे उभं राहिलं की माझं नावसुद्धा तोंडातून फुटत नाही.” तिने मावशींकडे पाहिलं. “तुमचंही असंच काही असेल, नाहीतर हे कशाला वाटत फिराल? तुमच्या वेळी तुम्ही काय बोललात?”

मावशींनी उरलेले कागद बाकावर ठेवले. दोन पावलं मागे सरकून त्या बाईसमोर ताठ उभ्या राहिल्या आणि तिच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत बोलू लागल्या.

“साहेब, मी त्याची आई. या माणसाला सोडू नका. हा सुटला तर माझ्या दारावरून जाईल. मी त्याला घाबरत नाही, माझं जे जायचं ते गेलं. पण ज्या चार जणांनी बघितलं त्यांना पोरंबाळं आहेत. हा नुसता कोपऱ्यावर उभा राहिला तरी त्यांची तोंडं बंद होतील. एकेक करून होतील साहेब, महिन्याभरात होतील. मग तुम्ही मला पुरावा मागाल. तेव्हा मी कुठून आणू? म्हणून आत्ता सांगते, आत्ता ऐका...”

बाकावरची माणसं वळली होती. वारा घेणाऱ्याचा हात थांबला होता. कोर्टाच्या बंद दाराशी उभा असलेला शिपाई लगबगीने आला.

“ओ बाई, हळू बोला जरा. साहेब बसलेत आत. सगळं ऐकू जातंय त्यांना.”

मावशी हळू बोलल्या नाहीत.