छत पडलं नाही

सुचिता नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्रात अधिकारी म्हणून आली, तेव्हा तिच्या वाट्याला एक बंब, मोजकी माणसं आणि अर्जुनरावांचं नाव आलं. अर्जुनराव म्हणजे आधीचे साहेब. आग लागली की पाइपाचं तोंड स्वतः धरायचे आणि सगळ्यांच्या पुढे धुरात शिरायचे. वय झालं तसे ते घरी बसले, पण त्यांची तारीफ काही घरी बसली नाही. "साहेब असावा तर असा," हे सुचितानं इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं होतं, की गावात चहाबरोबर ते फुकट मिळतं की काय, असं तिला वाटायला लागलं होतं.

सुचिता मोताळ्याकडची, शेतकऱ्याची पोर, नागपूरला शिकून आलेली. ती आत शिरायची नाही. बाहेर उभी राहून वारा कुठला, भिंत कशी, टाकीत पाणी किती उरलं, हे बघायची. आत गेलेल्या माणसाला समोरची आग दिसते, डोक्यावरचं दिसत नाही. ते कुणीतरी बाहेरून बघायला हवं, असं तिचं म्हणणं. म्हणणं सोळा आणे खरं, पण पटवायचं कुणाला? तिनं नियम केला: बंबाचा भोंगा तीनदा वाजला की हातातलं टाकायचं आणि बाहेर यायचं, कारण विचारायचं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मान हलवायला काय जातं! पाठीमागे तिचं नाव 'रोडवरच्या मॅडम' पडलं. हे बारसं केलं निवृत्तीनं. केंद्रातला सर्वांत जुना फायरमन, अर्जुनरावांचा उजवा हात.

एप्रिलातल्या एका दुपारी डोणगाव रस्त्यावर भगवंतरावांच्या गोदामाला आग लागली. मागच्या दाराला वेल्डिंग चालू होतं, ठिणगी बारदान्यावर पडली. आत सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्प्या. भाव चढेल म्हणून आसपासच्या लोकांनी ठेवलेला माल. बंब पोचला तेव्हा मागची बाजू पेटलेली होती, पुढच्या थप्प्या शाबूत होत्या. निवृत्ती आणि त्याचा जोडीदार कुलदीप पाइप घेऊन आत गेले, आणि आग खरोखरच मागे हटायला लागली. बाहेरच्या गर्दीनं टाळ्या वाजवल्या.

सुचिताची नजर वर होती. पत्रे पेलणारी मधली लोखंडी कैची तिला खाली झुकल्यासारखी दिसली. आत्ता झुकली होती, की पहिल्यापासून तशीच होती? गोदाम तिनं यापूर्वी पाहिलंच नव्हतं. धुरामुळे नीट दिसतही नव्हतं. आणखी थोडं बघावं म्हटलं, तर खाली दोन माणसं होती.

"भोंगा वाजवा," ती ड्रायव्हरला म्हणाली. "तीनदा."

निवृत्ती दारापर्यंत आला. "मॅडम, आग मागं सरून राह्यली! पाच मिनिटं द्या फक्त!"

"बाहेर या, निवृत्तीभाऊ."

"काऊन पण?"

"बाहेर या म्हटलं ना!"

तो आला. पाइप जमिनीवर आपटला, तोंडातल्या तोंडात काहीबाही बोलला, पण आला. त्याच्यामागून कुलदीप आला.

मग बाहेरूनच पाणी मारलं. ते लांबून कितीसं पोचणार? पुढच्या थप्प्यांनी पेट घेतला. दिवस मावळेपर्यंत सगळ्या सोयाबीनचा कोळसा झाला. पत्रे काळे पडले, वाकडेतिकडे झाले. छत मात्र पडलं नाही.

"कुठं पडलं तुमचं छत? दाखवा मले!" भगवंतराव सगळ्यांदेखत ओरडले. सुचिताही वरच बघत होती. पडावं एकदाचं, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराची तिला तिथल्या तिथं शरम वाटली.

केंद्रावर परत आल्यावर चहा आला. सगळे बंबाच्या पायरीवर बसून प्यायले. तिला कुणी ग्लास दिला नाही.

भगवंतरावांनी तक्रार केली आणि त्या आठवड्यातच मुख्याधिकाऱ्यांनी सगळ्यांना बोलावलं. आता हिची उचलबांगडी होणार, असं गावानं ठरवूनच टाकलं होतं. सुचिताला धास्ती होती ती वेगळीच. पुढच्या आगीत तिनं भोंगा वाजवला आणि कुणी बाहेर आलंच नाही तर? तेव्हा छत खरंच पडलं तर?

"छत पडणार होतं का?" मुख्याधिकाऱ्यांनी तिला विचारलं.

"मला वाटलं, पडेल. नाही पडलं. माझा अंदाज चुकला."

"परत तशी वेळ आली तर?"

"परत बोलावून घेईन, सर."

भगवंतरावांनी कपाळावर हात मारला. मग निवृत्तीची पाळी आली.

"अजून पाच मिनिटं मिळाली असती, तर पुढचा माल वाचला असता?"

"हाव. वाचला असता."

सुचितानं मान खाली घातली. तो खोटं बोलत नव्हता, हेच तिला जास्त लागलं.

"आता तुमचाच माणूस सांगून राह्यला!" भगवंतराव म्हणाले.

मुख्याधिकाऱ्यांनी त्यांना हातानंच थांबवलं. "मग तुम्ही बाहेर का आलात?"

"मॅडमनं भोंगा वाजवला म्हणून."

"पण तुम्हाला पटलं नव्हतं."

"नव्हतं, साहेब. अजूनबी नाही पटलं."

"उद्या पुन्हा वाजवला तर?"

आगीच्या दिवसानंतर पहिल्यांदाच निवृत्तीनं सुचिताकडे पाहिलं.

"येईन, साहेब. बोंबलत येईन, पण येईन."

"काऊन बे?" भगवंतरावांना राहवलं नाही.

"मालक, त्या दिवशी तुम्ही सारे सोयाबीनकडं पाहून राह्यले होते," निवृत्ती म्हणाला. "आत दोन माणसं हायेत, हे या एकट्या बाईच्या ध्यानात होतं."